कडकनाथ आतूनही काळी का असते? पिल्लं विकत घेण्याआधी अंड्यातल्या २१ दिवसांची ही गोष्ट वाचा

मुंबई-गोवा महामार्गाने महाड मागे टाकून पोलादपूरच्या दिशेने निघालं की हॉटेलांच्या पाट्यांवर 'गावठी कोंबडी' हे दोन शब्द हमखास दिसतात. गाडीतल्यांच्या मोबाइलवर मात्र वेगळ्याच कोंबड्या फिरत असतात. एक व्हिडिओ सांगतो, ब्रॉयलर खाऊ नका, तिला वाढीचं इंजेक्शन देतात. दुसरा सांगतो, कडकनाथ खा, शुगर आणि ब्लड प्रेशर पळून जाईल. तिसरा मेसेज थेट धंद्याचा असतो : कडकनाथची पिल्लं घ्या, वर्षात पैसे दुप्पट.

तिसरा मेसेज सगळ्यात महाग पडू शकतो. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधले बरेच तरुण मुंबई-पुण्याला कामाला आहेत. गावी परत येऊन काहीतरी जोडधंदा करावा, असं अनेकांच्या मनात असतं. थोडी जागा, थोडी बचत आणि एक शेड, एवढ्यावर सुरू होणारा धंदा म्हणजे कुक्कुटपालन. त्यामुळे अशा जाहिराती इथे लगेच ऐकल्या जातात.

या तिन्ही मेसेजच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. कोंबडीचा रंग आणि कोंबडीचं वजन नक्की ठरवतं कोण? इंजेक्शन, खाद्य की आणखी काही? उत्तराची सुरुवात अंड्याच्या कवचाआडच होते. तिथे पेशी एकमेकींना निरोप पाठवत असतात. या निरोपांना विज्ञानात 'ग्रोथ फॅक्टर' म्हणतात, मराठीत वाढ घटक. नावात वाढ असली तरी त्यांचं काम फक्त वाढवण्याचं नाही.

आधी खुडूक कोंबडीपासून सुरुवात करू

पावसाळा सोडून एरवी कुठल्याही वाडीत एखाद्या घराच्या कोपऱ्यात टोपलीत पेंढा टाकून खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलेली दिसेल. दहा-बारा अंडी आणि २१ दिवस. कोंबडी काय करते? ऊब देते आणि अंडी अधूनमधून फिरवते. बास. डोळा कुठे, चोच कुठे, पंख किती, पायाला बोटं किती, यातलं काहीही ती ठरवत नाही. इन्क्युबेटरमध्ये तर कोंबडीही नसते. साधारण ३७.५ अंश तापमान आणि योग्य ओलावा मिळाला की पिल्लू तयार होतं.

म्हणजे सगळी बांधणी आतल्या आतच होते. सुरुवात एका पेशीपासून. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागतं. तिसऱ्या दिवशी पंख आणि पायांच्या जागी बारीक उंचवटे दिसतात. एकविसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडून बाहेर.

गंमत अशी की डोळ्यातल्या पेशीत आणि पायातल्या पेशीत जनुकं जवळपास तीच असतात. पुस्तक एकच, पण प्रत्येक पेशी त्यातलं वेगळं पान वाचते. कुठलं पान वाचायचं हे तिला कळतं कसं? शेजाऱ्यांकडून. एक पेशी बाहेर एक प्रथिन सोडते. ते आजूबाजूला पसरतं. ज्या पेशीच्या अंगावर ते पकडणारा 'रिसेप्टर' असतो, तिला निरोप मिळतो.

पूर्वी गावात दवंडी पिटायचे ते आठवा. आवाज सगळ्यांच्या कानावर जायचा, पण 'उद्या कालव्याला पाणी सुटणार' हे ऐकून फावडं उचलायचा तो ज्याचं शेत कालव्यावर आहे. पेशींचंही तसंच. ऐकायला रिसेप्टर नसेल, तर निरोप असून नसल्यासारखा.

निरोप ढोबळमानाने चार प्रकारचे असतात : विभागून वाढ, जागा सोडून तिकडे जा, अमुक प्रकारची पेशी हो, आणि आता मरून जा. शिवाय निरोप सोडणाऱ्या पेशीजवळ त्याचं प्रमाण जास्त असतं, लांब जाईल तसं कमी होत जातं. त्यामुळे एकाच निरोपाचा अर्थ जवळची पेशी वेगळा घेते आणि लांबची वेगळा.

हे शास्त्रज्ञांना कळलं कसं? तेही कोंबडीच्या अंड्यांतूनच

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीतल्या रिटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी या तरुण डॉक्टरला ज्यू असल्यामुळे विद्यापीठात काम करायला बंदी होती. तिने घरातल्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि आसपासच्या शेतकऱ्यांकडून अंडी आणून कोंबडीच्या भ्रूणातल्या मज्जातंतूंचा अभ्यास सुरू केला. पुढे अमेरिकेत तिला दिसलं की उंदराच्या एका प्रकारच्या गाठीचा तुकडा भ्रूणात ठेवला, की मज्जातंतू त्या दिशेने भराभर वाढतात. गाठीतून काहीतरी झिरपत होतं. ते 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' निघालं. तिचा सहकारी स्टॅन्ली कोहेन याला आणखी एक घटक सापडला, ज्याने उंदराच्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडत होते. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं.

त्याच सुमारास, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या जॉन सॉन्डर्स यांनी कोंबडीच्या भ्रूणात पंखाच्या कोंबाच्या टोकावरची पातळ कड कापून टाकली. पंख अर्धवटच राहिला. ती कड 'वाढत राहा' असा निरोप देत होती, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झालं. कड कापली, पण तिच्या जागी 'एफजीएफ' नावाच्या वाढ घटकात भिजवलेला बारीक मणी ठेवला, तर पंख पुढे वाढत गेला. तोच मणी भ्रूणाच्या कुशीत, पंख आणि पायाच्या मधल्या जागेत ठेवला, तर तिथे चक्क एक जादा अवयव उगवायला लागला.

'मरून जा' हा निरोपही किती उपयोगाचा आहे, ते कोंबडी आणि बदक शेजारी ठेवलं की कळतं. भ्रूणात दोघांच्याही बोटांमध्ये पडदा असतो. कोंबडीत 'बीएमपी' नावाचा घटक त्या पडद्यातल्या पेशींना मरायला सांगतो आणि बोटं सुटी होतात. बदकात त्याच जागी 'ग्रेमलिन' नावाचं दुसरं प्रथिन बीएमपीला अडवतं. पडदा टिकतो आणि बदक पोहतं.

या अभ्यासाची एक परंपरा महाडहून वरंधा घाट चढून गेलं की पुण्यातही सापडते. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावर काम केलं आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने गोड्या पाण्यातल्या हायड्रा या काही मिलिमीटरच्या जिवात एफजीएफ आणि व्हीईजीएफ हे वाढ घटक असल्याचं दाखवलं. हायड्राला ना हाडं, ना रक्तवाहिन्या. तरीही तेच घटक. म्हणजे निरोपांची ही भाषा फार जुनी आहे. प्राणी बदलले, पण शब्द बरेचसे तेच राहिले.

मग कडकनाथ काळी का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली. तिथे तिला 'कालामासी' असंही म्हणतात. पिसं काळी असणं यात नवल नाही, आपल्या गावठी कोंबड्यांतही काळ्या असतात. नवल हे की कडकनाथची कातडी, तुरा, जीभ, मांस, आतडी, हाडांवरचं आवरण, सगळंच काळपट असतं.

रंग बनवणाऱ्या पेशी त्वचेत जन्मत नाहीत. भ्रूणाच्या पाठीच्या कण्याजवळ पेशींची एक पट्टी असते. तिथून पेशी निघतात आणि शरीरभर प्रवास करतात. काही मज्जातंतू होतात, काही रंगपेशी. साध्या कोंबडीत रंगपेशी त्वचेखालचा एक ठरलेला रस्ता धरतात आणि पिसांच्या मुळाशी जाऊन थांबतात. शरीराच्या आतल्या बाजूला त्या फारशा जात नाहीत.

हा प्रवास 'एन्डोथेलिन-३' नावाच्या निरोपावर चालतो. हे छोटं प्रथिन वाढ घटकांच्या जुन्या यादीतलं नाही, पण काम तेच करतं. रंगपेशींच्या पूर्वजांना ते सांगतं : विभागून वाढा, जगत राहा, पुढे चला.

कडकनाथमध्ये या निरोपाचं जनुक जिथे आहे, त्या गुणसूत्राच्या तुकड्याची जादा प्रत तयार झालेली आहे. गुणसूत्र क्रमांक २० वरचे दोन मोठे तुकडे, प्रत्येकी एक लाखाहून जास्त अक्षरांचे, दुप्पट झाले आणि त्यांची मांडणीही उलटसुलट झाली. त्यातल्या एका तुकड्यात एन्डोथेलिन-३ चं जनुक आहे. परिणाम सरळ आहे. निरोप जास्त निघतो, रंगपेशी जास्त होतात, आणि ज्या आतल्या रस्त्याने त्या एरवी जात नाहीत तिकडेही पोहोचतात. जिथे पोहोचतात तिथे मेलॅनिन बनवतात. हे तेच मेलॅनिन, ज्यामुळे माणसाचे केस काळे होतात.

आशियातल्या काळ्या हाडांच्या कोंबड्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ही उलथापालथ पहिल्यांदा नीट उलगडली. चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम सेमानी, व्हिएतनामची ह्मोंग, स्वीडनची काळी कोंबडी, सगळ्यांत बदल तोच. म्हणजे तो एकदाच झाला आणि कोंबड्यांबरोबर देशोदेशी गेला. कडकनाथच्या जनुकांतही हीच मांडणी असल्याचं भोपाळच्या 'आयसर' संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये तपशीलवार मांडलं.

थोडक्यात, कडकनाथचा काळेपणा हा खाद्याचा, औषधाचा किंवा जंगलातल्या वनस्पतींचा गुण नाही. अंड्यातल्या पहिल्या काही दिवसांत एक निरोप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात दिला गेला, त्याची ती खूण आहे.

माणसाच्या बाळातही हाच निरोप असतो

ही गोष्ट फक्त कोंबडीपुरती नाही. माणसाच्या गर्भातही पाठीकडच्या त्याच पट्टीतून पेशी निघतात आणि आतड्याच्या भिंतीत जाऊन मज्जातंतूंचं जाळं बनवतात. या जाळ्यामुळे आतडं अन्न पुढे ढकलतं. या प्रवासाला 'जीडीएनएफ' हा वाढ घटक आणि हाच एन्डोथेलिन-३ लागतो.

निरोप अपुरा पडला किंवा तो ऐकणारा रिसेप्टर बिघडलेला असला, तर पेशी मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचतच नाहीत. तेवढा भाग हलत नाही आणि बाळाचं पोट तुंबतं. याला हिर्शस्प्रुंग आजार म्हणतात. साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. काही बाळांत आतड्याच्या या आजाराबरोबर केसांत किंवा त्वचेवर पांढरे पट्टेही दिसतात, कारण रंगपेशींनाही तोच निरोप मिळालेला नसतो.

इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. नवजात बाळाने पहिल्या ४८ तासांत काळी-हिरवी पहिली शी केली नाही, पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रियेने हा आजार बरा करता येतो. घाट उतरून मोठ्या दवाखान्यापर्यंत जायला जिथे तास लागतात, तिथे हे लवकर ओळखणं आणखी महत्त्वाचं.

काळं मांस औषध आहे का?

कडकनाथची प्रसिद्धी गेल्या काही वर्षांत जोरात झाली. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. जानेवारी २०१९ मध्ये झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने क्रिकेटपटूंनी कडकनाथ खावी, असं पत्र बीसीसीआयला पाठवलं आणि त्याची देशभर बातमी झाली. पुढे महेंद्रसिंह धोनीने रांचीच्या फार्मसाठी झाबुआहून दोन हजार पिल्लं मागवल्याची बातमी आली आणि चर्चेला आणखी जोर चढला.

यातलं खरं किती?

मांसात चरबी कमी आणि प्रथिनं जास्त असतात, असं अभ्यासांत आढळलं आहे. हळू वाढणाऱ्या, हिंडत्या-फिरत्या कोंबड्यांचं मांस साधारणपणे कमी चरबीचंच असतं. पण कडकनाथ खाऊन मधुमेह, ब्लड प्रेशर किंवा हृदयविकार बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. कुणी या भरवशावर गोळ्या बंद केल्या, तर नुकसान त्याचंच.

भौगोलिक मानांकनाचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. एखादी वस्तू विशिष्ट भागाची आहे, एवढंच ते सांगतं. ती औषध आहे, असं सांगत नाही.

सोशल मीडियावर कडकनाथची म्हणून कोळशासारख्या काळ्या अंड्यांचे फोटो फिरतात. ते खोटे आहेत. कडकनाथचं अंडं फिकट बदामी रंगाचं असतं. कवचाचा रंग कोंबडीच्या पोटात, अंडनलिकेत चढतो. त्याचा रंगपेशींच्या प्रवासाशी संबंध नाही. 'काळं रक्त' हाही असाच प्रकार. रक्त लालच असतं, कारण त्याचा रंग हिमोग्लोबिनचा, मेलॅनिनचा नाही.

पिल्लं विकत घेणाऱ्यांसाठी सर्वात महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. जनुकातला हा बदल एकाच पालकाकडून आला तरी परिणाम दाखवतो. त्यामुळे कडकनाथ आणि गावठी यांच्या संकरातून झालेली पिल्लंही बरेचदा गडद निघतात. दुसरं एक जनुक कातडीतला काळेपणा दाबतं, म्हणून काही गडद तर काही फिकट होतात. मुद्दा असा की 'पिल्लू काळं आहे, म्हणजे शंभर टक्के अस्सल आहे' असं म्हणता येत नाही. रंग पाहून शुद्धतेचे पैसे मोजणं म्हणजे पाटी पाहून जेवणाचे पैसे आधी देण्यासारखं आहे.

आणि ब्रॉयलरचं इंजेक्शन?

आता दुसरा व्हिडिओ. 'ग्रोथ फॅक्टर' हे शब्द कानावर पडले की अनेकांना वाटतं, हेच ते इंजेक्शन. पण हिशेब जुळत नाही.

वाढीचं संप्रेरक हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल, जसं इन्सुलिन साध्या गोळीतून देता येत नाही. राहिलं इंजेक्शन. एका शेडमध्ये पाच हजार पक्षी धरले आणि प्रत्येकाला वारंवार टोचायचं म्हटलं, तर मजुरी आणि औषधाच्या खर्चात धंदाच बुडेल. व्हिडिओत दिसणारी सुई बरेचदा लसीची असते. हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लांना मॅरेक्स या आजाराची लस टोचतात. मानमोडीची लस डोळ्यात थेंब टाकून किंवा पाण्यातून देतात.

मग ४० दिवसांच्या आसपास दोन किलोची कोंबडी होते कशी? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये याचं उत्तर थेट तराजूवर ठेवलं. त्यांनी १९५७ आणि १९७८ पासून निवड न करता जपून ठेवलेल्या दोन जुन्या वाणांची आणि २००५ च्या ब्रॉयलर वाणाची पिल्लं एकत्र वाढवली. खाद्य तेच, वातावरण तेच. ५६ व्या दिवशी १९५७ च्या वाणाचं वजन सरासरी ९०५ ग्रॅम भरलं, १९७८ च्या वाणाचं १,८०८ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचं ४,२०२ ग्रॅम. फरक फक्त वंशाचा होता. पिढ्यान्‌पिढ्या सर्वात जड कोंबडा आणि सर्वात जड कोंबडी निवडत गेलं, की शरीरातले वाढीचे निरोप आणि त्यांचे ब्रेक हळूहळू बदलत जातात. स्नायूत धागे किती असतील हे मुख्यतः अंड्यातच ठरतं. बाहेर आल्यावर ते जाड होत जातात. 'मायोस्टॅटिन' नावाचा घटक स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावतो. बेल्जियन ब्लू या गाईच्या जातीत हा ब्रेकच निकामी आहे, म्हणून ती पैलवानासारखी दिसते.

याची किंमतही असते. स्नायू भराभर वाढतात, पण पाय आणि हृदय त्या वेगाने साथ देत नाहीत. ब्रॉयलरमध्ये पाय अधू होणं आणि पोटात पाणी साठणं हे त्रास त्यातूनच येतात.

म्हणजे ब्रॉयलरबद्दल काळजीचं काहीच नाही का? आहे, पण ती संप्रेरकाची नाही, अँटिबायोटिकची आहे. कुक्कुटपालनात वाढ चांगली व्हावी म्हणून खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत जगभर रुळली. त्याला 'ग्रोथ प्रमोटर' म्हणतात. नावं सारखी वाटतात, पण ग्रोथ फॅक्टर आणि ग्रोथ प्रमोटर या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. अशा वापराने औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते माणसापर्यंत पोहोचतात. याच कारणाने केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकचा खाद्यप्राण्यांसाठी वापर बंद केला. खोट्या इंजेक्शनच्या व्हिडिओंमुळे हा खरा प्रश्न मागे पडतो.

इस्लामपूरने काय शिकवलं?

२०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं नाव कडकनाथमुळे राज्यभर गाजलं. तिथल्या एका कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन पिल्लं दिली. खाद्य आम्ही देऊ, अंडी आणि कोंबड्या आम्हीच विकत घेऊ, असा वायदा होता. काही काळाने खाद्य येणं थांबलं, खरेदीही थांबली. अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्याच्या दिशेने कडकनाथ कोंबड्या फेकून निषेध झाला.

तिथे कोंबडी खोटी नव्हती. खोटा होता तो हिशेब. आणि तो हिशेब टिकू शकत नाही, हे कडकनाथचं शरीरच सांगत होतं. एन्डोथेलिन-३ ची जादा प्रत रंग बदलते, वजन वाढवत नाही. कडकनाथ २० आठवड्यांत जेमतेम एक किलोच्या आसपास जाते. अंडी द्यायला सुमारे सहा महिने लागतात आणि वर्षाला साधारण शंभर अंडी मिळतात. शिवाय ती सहसा खुडूक बसत नाही. म्हणजे पिल्लं काढायची तर दुसरी गावठी कोंबडी किंवा इन्क्युबेटर हवा.

इतके महिने खाद्य खाऊन एक किलो देणारी कोंबडी परवडायची, तर तिला चढा भाव मिळायलाच हवा. असा भाव देणारं गिऱ्हाईक मोजकंच असतं. हजारो शेडमधून एकदम माल आला की भाव कोसळतो. मग पैसे फक्त नव्या शेतकऱ्यांना पिल्लं विकूनच मिळतात. नवे शेतकरी मिळेनासे झाले की साखळी तुटते.

महाड-पोलादपूरमध्ये शेड टाकण्याआधी

इथला पाऊस राज्यातल्या सर्वात जास्त पावसांपैकी. जून ते सप्टेंबर हवेत ओल, खाली लादीवरचं भुस्सं भिजलेलं. अशात पिल्लांना रक्ती हगवण लवकर लागते. जुलै २०२१ चा महाडचा पूर अजून कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे सावित्री आणि तिच्या उपनद्यांच्या काठची सपाट जागा स्वस्तात मिळाली तरी शेडसाठी योग्य असेलच असं नाही. बर्ड फ्लूही लांबचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये आढळला. धोनीची ऑर्डर ज्या झाबुआच्या फार्मकडे होती, तिथेही २०२१ च्या सुरुवातीला बर्ड फ्लूने कोंबड्या गेल्या होत्या.

म्हणून कुणी कडकनाथ किंवा 'खास' जातीची पिल्लं घेऊन आलं, तर हे पाच प्रश्न विचारावेत :

१. पिल्लं कुठल्या हॅचरीतली आहेत आणि मूळ कळप कुठला? 'काळी आहेत ना' हे उत्तर पुरेसं नाही.

२. एक दिवसापासून विक्रीपर्यंत एका पक्ष्याला किती खाद्य लागेल आणि त्याचा आजचा भाव काय? आकडा कागदावर मागावा.

३. परत खरेदीचा करार नोंदणीकृत आहे का? कंपनी ती अंडी आणि कोंबड्या पुढे कुणाला विकते? 'नव्या शेतकऱ्यांना' हे उत्तर आलं तर तिथेच थांबावं.

४. मॅरेक्स, मानमोडी आणि देवीच्या लसी कुणी द्यायच्या? पक्षी मेले तर नुकसान कुणाचं?

५. कंपनीने हात वर केले, तर हे पक्षी महाडच्या किंवा पोलादपूरच्या बाजारात साध्या गावठीच्या भावाने विकून खर्च तरी निघेल का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर धंद्यात दम आहे. 'नाही' असेल, तर तो धंदा कोंबडीचा नसून वायद्याचा आहे.

यासाठी पहिल्याच दिवशी पाचशे पिल्लं घ्यायची गरज नाही. दहा अंडी आणावीत, घरातल्या खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवावीत आणि २१ दिवस थांबावं. किती फुटली, किती जगली, सहा महिन्यांत किती खाल्लं आणि किती भरली, हे वहीत लिहून ठेवावं. त्या वहीतला आकडा जाहिरातीतल्या आकड्याशी जुळला नाही, तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.